काट्यावरची छाप: वजनमाप कसं तपासायचं आणि तक्रार कुठे न्यायची

आमच्या किराणा दुकानात वर्षा-दोन वर्षांतून एक दिवस असा यायचा, की सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘दुपारनंतर या’ म्हणून परत पाठवावं लागे. काटाच जागेवर नसे. तालुक्याच्या गावी वजनमापेवाल्या साहेबांचं शिबिर लागलेलं असे आणि पेठेतले सगळे दुकानदार आपापली तागडी, लोखंडी वजनं, तेलाची मापं हातगाडीवर टाकून तिकडे गेलेले असत. मी वडिलांबरोबर जायचो ते हातोडीचा आवाज ऐकायला. दोन किलोचं वजन उपडं केलं की त्याच्या पोटात एक खळगा दिसतो, खळग्यात शिसं भरलेलं असतं. साहेब ते वजन आधी आपल्या पितळी वजनाशी ताडून बघत. झिजून हलकं झालेलं असेल तर बाजूला. बरोबर भरलं तर शिशावर ठसा धरायचा आणि हातोडीचा एक ठोका. वडील म्हणायचे, “पास झालं.”

सरकारची व्यापारावर देखरेख म्हटलं की आपल्याला धाड आठवते, गोदामाला लागलेलं सील आठवतं, टीव्हीवरची बातमी आठवते. नियामकाचं रोजचं काम मात्र त्या ठोक्यासारखं असतं. गुन्हा घडायच्या आधी होणारं, कंटाळवाणं आणि कुणाच्या लक्षात न येणारं. रिझर्व्ह बँक, सेबी, महारेरा ही नावं पेपरात रोज असतात. पण दिवसातून चार वेळा ज्याच्या कामाशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो तो नियामक म्हणजे वैध मापन शास्त्र विभाग. बोलीत अजूनही ‘वजनमापे खातं’. भाजी, पेट्रोल, दुधाची पिशवी, रिक्षाचं मीटर, सोन्याची अंगठी, उसाची ट्रॉली, सगळीकडे त्याची छाप असते किंवा असायला हवी. ती कशी वाचायची, संशय आला तर काय करायचं, आणि दुकानदार असाल तर स्वतःचं घर कसं नीट ठेवायचं, हे एकेक करून बघू.

हे खातं नेमकं कशावर चालतं

पाया आहे २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याच दिवशी पाकीटबंद वस्तूंचे नियमही आले. केंद्रात ग्राहक व्यवहार विभाग नियम करतो, अंमलबजावणी राज्याची. महाराष्ट्रात ही यंत्रणा अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येते. वर नियंत्रक, जिल्ह्याला उपनियंत्रक किंवा सहायक नियंत्रक आणि प्रत्यक्ष फिरणारे निरीक्षक.

निरीक्षकाकडचं वजन तरी बरोबर कशावरून, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता आणि त्याला उत्तर आहे. निरीक्षकाची वजनं विभागाच्या प्रयोगशाळेतल्या अधिक काटेकोर वजनांशी ताडली जातात, ती अहमदाबादसारख्या प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या वजनांशी, आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोशी. जगभर वाटलेल्या अशा किलोंपैकी भारताचा क्रमांक ५७. मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून न होता प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातल्या कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून होते, पण त्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पाव किलोत फरक पडलेला नाही.

आधी हे ठरवा: तक्रार याच खात्याची आहे का

लोक इथेच चुकतात आणि महिनाभर फिरत बसतात. ढोबळ हिशोब असा. किती दिलं आणि किमतीचा शिक्का काय, हे वैध मापन शास्त्रचं. जे दिलं ते शुद्ध आहे का, शिळं आहे का, भेसळ आहे का, हे अन्न व औषध प्रशासनाचं. सोनं किती कॅरेटचं, हे भारतीय मानक ब्युरोचं. त्या सोन्याचं वजन मात्र पुन्हा वैध मापनचं. पेढ्यात खवा कमी असेल तर एक खातं, पेढ्याबरोबर खोकंही तोलून दिलं असेल तर दुसरं. रिक्षावाल्याने भाडं नाकारलं तर आरटीओ. मीटरच पळत असेल तर मीटर पडताळणारं खातं हेच.

पहिली पायरी: काटा वाचायला शिका

इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपण फक्त लाल-हिरवे आकडे बघतो. त्याच्या बाजूला किंवा मागे एक छोटी पट्टी असते, तिच्यावर सगळी कुंडली असते: कमाल क्षमता, किमान क्षमता, ‘ई’ ही किंमत आणि अचूकतेचा वर्ग. किराणा दुकानात सर्रास दिसणारा काटा असा: कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, ई = ५ ग्रॅम, वर्ग तीन.

यातलं ‘किमान’ कुणीच बघत नाही. ई ५ ग्रॅमची म्हणजे हा काटा ५-५ ग्रॅमच्या उड्या मारतो, आणि १०० ग्रॅमच्या खाली त्याच्या आकड्यावर विसंबू नये असं तो स्वतःच पट्टीवर सांगतो आहे. त्यावर २० ग्रॅम वेलदोडे घेतले तर दुकानदार कितीही सज्जन असला तरी तुमचा हिशोब अंदाजपंचेच. मसाल्याचे महाग जिन्नस, सुका मेवा, केशर हे छोट्या क्षमतेच्या काट्यावर किंवा बंद पाकिटात घ्या. सराफाकडचा काटा वेगळाच असतो, काचेच्या पेटीतला, वरच्या वर्गाचा. तिथे पंखा चालू असला तरी शेवटचा आकडा नाचतो. पंखा बंद करा म्हणायला लाजू नका, ते रोज ऐकतात.

दुसरी गोष्ट छाप. काट्याच्या अंगावर तारेने ओवलेलं शिशाचं सील असतं, त्यावर किंवा पट्टीवर निरीक्षकाची खूण, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर: ए, बी, सी, डी. जानेवारी ते मार्च ए, तिथून पुढे क्रमाने. इलेक्ट्रॉनिक काटे, पेट्रोलचे पंप, मोठे वजनकाटे यांची पडताळणी दर १२ महिन्यांनी व्हायला हवी. लोखंडी वजनं, तागडी, लिटरची मापं आणि मीटरपट्टी यांची २४ महिन्यांनी. म्हणजे दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन वर्षांपूर्वीचं बी दिसलं तर बाकी काही सिद्ध करायची गरज नाही, मुदत उलटलेला काटा वापरणं हाच गुन्हा आहे. पडताळणीचं प्रमाणपत्रही दुकानात दिसेल असं लावायचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते गणपतीच्या फोटोमागे असतं.

आता प्रत्यक्ष तोलताना. माल ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे ना, हे बघा. काटा सपाट आहे ना. बहुतेक काट्यांच्या कोपऱ्यात पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधोमध हवा. मिठाईचं खोकं, तेलाचा डबा, प्लॅस्टिकचं भांडं असेल तर ते रिकामं काट्यावर ठेवून ‘टेअर’चं, म्हणजे भांड्याचं वजन वजा करून आकडा पुन्हा शून्यावर आणणारं, बटण दाबायला सांगा, मग माल. दिवाळीत मिठाईच्या दुकानात ही एक ओळ बोलल्याने किती पैसे वाचतात ते स्वतःच मोजून बघा: जाड पुठ्ठ्याचं खोकं ८० ग्रॅमचं असलं आणि काजूकतली १००० रुपये किलो असली, तर ८० रुपयांचा पुठ्ठा तुम्ही काजूच्या भावाने घरी नेलात.

संशय आला तर जागच्या जागी काय करायचं

भांडण नको. सीलबंद एक लिटर पाण्याची बाटली काट्यावर ठेवा. पाणी किलोभर आणि बाटलीचे वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे आकडा एक किलोच्या किंचित वर दिसायला हवा. ९८० किंवा ११०० दिसला तर काहीतरी गडबड आहे. कोर्टात चालेल असा हा पुरावा नाही, पण तक्रार करण्याइतका संशय पक्का व्हायला पुरेसा आहे.

याहून चांगला मार्ग कायद्यातच आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. काटा वापरणाऱ्याने त्याच्या कमाल क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, यांपैकी जे कमी असेल तेवढी छाप मारलेली वजनं जागेवर ठेवायची असतात. म्हणजे ३० किलोच्या काट्याजवळ तीन किलोची प्रमाणित वजनं. ‘तुमचं एक किलोचं वजन ठेवून दाखवा’ म्हणा. वजनच नाही असं उत्तर आलं तर तेही लिहून ठेवण्यासारखं.

आणि थोडा उदारपणाही ठेवा. ५ ग्रॅमच्या काट्यावर एका किलोला एखाद्या टप्प्याचा, म्हणजे पाचेक ग्रॅमचा फरक कायदाही सोसतो. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. कोथिंबिरीची जुडी आणि कोळणीकडचा मासळीचा वाटा इथे तर काटाच नसतो. तिथे तुमचं तोंड आणि तिचा मूड हेच माप.

पाकिटावर काय शोधायचं

बंद पाकिटावर उत्पादकाचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं साधं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, ग्राहकाने संपर्क कुठे करायचा ते, आणि बाहेरून आयात केलेली असेल तर देश, एवढं हवंच. हल्ली आणखी एक ओळ असते जी मला सगळ्यांत कामाची वाटते: प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर. पूर्वी ठरावीक वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटात विकायचं बंधन होतं. ते काढून टाकलं आणि त्याऐवजी ही एकक किंमत आली. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, बिस्किटं मात्र आतल्या आत कमी होतात. वजन छापलेलं असल्याने तक्रारीला जागा नसते. ते पकडायला ही बारीक अक्षरातली ओळच उपयोगाची. मोठा पुडा स्वस्त पडतो हा समज ती ओळ वाचून पुष्कळदा मोडतो.

छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा. ‘कूलिंगचे दोन रुपये’ याला कायद्यात कुठेच जागा नाही. थंड करण्याचा खर्च त्या किमतीत धरलेला असतो. एकाच वस्तूवर दुकानासाठी एक आणि विमानतळ-मल्टिप्लेक्ससाठी दुसरी किंमत छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. अपवाद एकच लक्षात ठेवा: हॉटेलात टेबलावर बसून बाटलीबंद पाणी मागवलं तर तिथे छापील किंमत लागू पडत नाही, कारण हॉटेल नुसतं पाणी विकत नाही, बसायची सोय आणि सेवाही देतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. मला तो निकाल पटत नाही, पण वेटरशी वाद घालून उपयोग नाही. किमतीवर चिकटवलेली पट्टी दिसली तर बघा: किंमत कमी केल्याची पट्टी चालते, पण तिनेही मूळ किंमत झाकायची नसते. वाढवल्याची पट्टी चालत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. घरी ५०० ग्रॅमचं पाकीट तोलून ४९० भरलं म्हणून कंपनी दोषी ठरतेच असं नाही. नियमात एका पाकिटाला काही सूट असते. ५०० ग्रॅमला १५ ग्रॅमपर्यंत. पण सगळ्या पाकिटांची सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. निरीक्षक म्हणूनच एक पाकीट उचलत नाही, त्या खेपेतली बरीच पाकिटं काढून तोलतो. तुम्हीही तक्रारीआधी त्याच तारखेची दोन-चार पाकिटं न फोडता जपून ठेवा. फोडलेलं पाकीट म्हणजे तुमचा शब्द, बस.

पेट्रोल पंप आणि घरचा गॅस

११० किंवा २१० रुपयांचं पेट्रोल घातलं की फसवणूक होत नाही, ही अफवा आहे. मशीनला तुमचा आकडा शंभर-दोनशेसारखा गोल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. खरा उपाय पंपावरच ठेवलेला असतो: पाच लिटरचं, छाप मारलेलं माप. अरुंद मानेचं भांडं, मानेवर मिलिलिटरच्या खुणा. कोणताही ग्राहक ते मागू शकतो. माप आधी इंधनाने ओलं करून निथळतात, मग पाच लिटर सोडतात आणि मानेवरची पातळी वाचतात. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य, त्याहून कमी भरलं तर तो पंप बंद करायला हवा. मोजलेलं इंधन टाकीत परत जातं, तुम्हाला एक पैसा लागत नाही. मी हे एकदाच मागितलं. पंपावरच्या मुलाने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने माझ्याकडे, आणि माप कुलपाच्या कपाटातून यायला वीस मिनिटं लागली. मोजल्यावर भरलं बरोबर. पण मागे लागलेल्या रांगेतल्या चौघांनी तेव्हा पहिल्यांदा ते माप पाहिलं.

सील शाबूत असलं म्हणजे झालं असंही नाही. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रभर अनेक पंपांच्या यंत्रांत फेरफार केलेले इलेक्ट्रॉनिक भाग सापडले. इंधन मोजून आकडा पुढे पाठवणारा जो सुटा भाग, त्यालाच हात लावलेला होता. निरीक्षकाने ठोकलेल्या छापेच्या आत शिरलेली ही चोरी होती. पाच लिटरचं माप मात्र अशा वेळीही खोटं बोलत नाही, अट एवढीच की ते अचानक मागायला हवं.

गॅस सिलिंडरचं सोपं आहे. वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. त्यात घरगुती गॅसचे १४.२ किलो मिळवा. पट्टीवर १५.८ असेल तर भरलेलं सिलिंडर ३० किलो भरायला हवं. पोचवणाऱ्याला तोलून द्यायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. दाराशी, सही करायच्या आधी.

ऊस, बाजार समिती आणि ‘काटामारी’

शहरातला ग्राहक पाच-दहा ग्रॅमसाठी चिडतो. शेतकऱ्याचं नुकसान क्विंटलात होतं. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्दच रुळला, ‘काटामारी’, यावरूनच कळावं. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर गळीत हंगामात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत भरारी पथकं नेमली जातात, त्यांत वैध मापनचे निरीक्षक असतात. पथक आलं की आधी भरलेली, नुकतीच तोललेली ट्रॉली पुन्हा काट्यावर घेतात. ही तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती कागद बघत नाही.

तुम्ही काय कराल? वाहन काट्यावर चढायच्या आधी पडद्यावर शून्य आहे का ते चालकाला बघायला सांगा. सगळी चाकं पाटावर आहेत ना. पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ अशी तिन्ही वजनं हवीत. रिकामं वजन मागच्या खेपेचं चिकटवलेलं नको, दर वेळी तोललेलं हवं. बाहेरच्या, छाप असलेल्या काट्यावर आधी वजन करून आणायलाही हरकत नाही. दोन पावत्यांत मोठा फरक आला तर त्या दोन पावत्या म्हणजेच तुमची तक्रार.

बाजार समितीत ‘कडता’ म्हणून पोत्यामागे किलो-दोन किलो कापण्याची रीत आहे. “पहिल्यापासून चालत आलंय” हे तिथलं ठरलेलं उत्तर. कायद्याचं कलम १२ नेमकं याच उत्तरासाठी लिहिल्यासारखं आहे: ठरलेल्या मापापेक्षा जास्त किंवा कमी घ्यायला-द्यायला मुभा देणारी कोणतीही रूढी, वहिवाट, पद्धत ही रद्दबातल. अडत्याला हे कलम छापून दाखवा. फरक पडेलच असं नाही, पण तोंडी वादापेक्षा कागदाला तो जरा जास्त घाबरतो.

तक्रार करायची ती अशी

बिल घ्या. बिलाशिवाय तक्रार करता येते, पण ती लंगडी असते. काट्याचा, छापेचा, पाकिटाच्या छपाईचा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा. दुकानाचं नाव-पत्ता पाटीवरून उतरवून घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. काटा किंवा पंप अजून तसाच चालू असेल, म्हणजे निरीक्षकाने येऊन बघण्यासारखं प्रकरण असेल, तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे: कधी, कुठे, काय घेतलं, किती भरायला हवं होतं, किती भरलं, कशावरून म्हणता. ‘सर्वत्र भ्रष्टाचार माजला आहे’ अशी सुरुवात केलीत की वाचणारा शेवटापर्यंत जात नाही.

निरीक्षक बहुतेक वेळा साधा ग्राहक बनून किंवा साधा ग्राहक पाठवून खरेदी करतो, मग ओळख सांगतो, तोलतो, पंचनामा करतो, काटा किंवा माल जप्त करतो. यातून व्यापाऱ्याला जो दंड होतो तो सरकारजमा होतो. तुमच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही, आणि लोक इथे हिरमुसतात. नियामक बाजार सरळ ठेवायला असतो, तुमची भरपाई मिळवून द्यायला नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तोही दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो. निरीक्षकाचा पंचनामा हाती असला तर आयोगापुढचं अर्धं काम झालेलं असतं, म्हणून क्रम हाच ठेवा. मुंबई-पुण्यात ग्राहक पंचायतींचे कार्यकर्ते अर्ज लिहायला मदत करतात.

महिना गेला आणि कार्यालयाकडून काहीच कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कारवाई झाली’ एवढा एकच प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अनुभव असा की उत्तराच्या आधी कारवाईच होते.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने

काटा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि त्यावर मॉडेल मंजुरीचा, म्हणजे त्या बनावटीच्या काट्याला सरकारने दिलेल्या मान्यतेचा, क्रमांक आहे ना ते बघा. स्वस्तात ऑनलाइन आलेले, ‘व्यापारासाठी नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलेले स्वयंपाकघरातले काटे दुकानात ठेवले तर छाप मिळणारच नाही. दुरुस्तीही परवाना असलेल्याकडूनच. सील तोडून दुरुस्त केलेला काटा पुन्हा पडताळल्याशिवाय वापरायचा नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या पोराने बॅटरी बदलून दिली आणि सील तुटलं, हे निरीक्षकाला पटवून देणं अवघड असतं.

घरी मसाले, पापड, फराळ करून पाकिटात विकणाऱ्या बायका आणि बचत गट यांना हा कायदा लागू नाही असं पुष्कळांना वाटतं. लागू आहे. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणी करायची, शुल्क ५०० रुपये. दहा ग्रॅमपर्यंतच्या पुड्यांना सूट आहे, त्यावर नाही. लेबलवर निव्वळ वजन लिहिताना पिशवीचं वजन धरायचं नाही, ‘अंदाजे’ हा शब्द लिहायचा नाही, आणि इंग्रजी अक्षरात लिहिणार असाल तर ग्रॅमसाठी नुसतं लहान ‘जी’. ‘जीएमएस’ लिहिल्यामुळे नोटीस आलेले छोटे उद्योजक मी पाहिले आहेत. हे जाचक वाटतं हे खरं, मलाही वाटतं. पण लेबल छापायच्या आधी कळलं तर त्याला खर्च शून्य आहे, पाच हजार पिशव्या छापून झाल्यावर कळलं तर नाही. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकही त्याच लेबलवर बसवा, त्याचं खातं वेगळं.

निरीक्षक दारात आला तर आधी ओळखपत्र बघा, मागण्यात गैर काही नाही. मग वाट अडवू नका. काटा, वजनं, प्रमाणपत्र समोर ठेवा. चूक निघाली तर पंचनाम्यावर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा, प्रत घ्या. बऱ्याच गुन्ह्यांत कोर्टात न जाता तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं. ते पावतीवरच भरायचं. पावतीशिवाय रक्कम मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आणि तडजोड हा कायमचा दरवाजा नाही: तोच गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर तडजोड मिळत नाही, कोर्टच.

आमच्याकडे हे एकदा घडलं होतं. इलेक्ट्रॉनिक काटा नवीन आलेला, वडील जुन्या सवयीने ‘दोन वर्षांनी बघू’ म्हणून बसलेले. इलेक्ट्रॉनिकला एकच वर्ष मिळतं हे त्यांना निरीक्षकाने दुकानात उभं राहून सांगितलं. काटा चोख होता, तोलून पाहिल्यावर एका ग्रॅमचाही वांधा निघाला नाही, तरी शुल्क भरावं लागलं. आई दोन दिवस बोलत होती. त्यानंतर वडिलांनी खडूने दाराच्या चौकटीवर ‘सी’ असं मोठं अक्षर काढलं, जुलै ते सप्टेंबर. भिंतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने ते पुसलं, तर त्यांनी रंग वाळायच्या आत पुन्हा काढलं.